ज्याची पत त्याने सांधावी

काही कामे ज्याची त्यानेच करावीत असा जगाचा दंडक आहे. दाढ दुखली तर तोंड आपणच उघडावे लागते. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जाताना चेहरा आपणच हसरा ठेवावा लागतो. चष्म्याचा नंबर काढायला शेजाऱ्याला पाठवून भागत नाही. या यादीत मी आज आणखी एका कामाची भर घालणार आहे : बिघडलेली पत दुरुस्त करणे. हे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी मला भांडायचे आहे. आणि ते करून देतो म्हणून जे पैसे घेतात, त्यांच्याशी तर जरा जोरातच भांडायचे आहे.

आमच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर पूर्वी मूळव्याध आणि भगंदर विनाऑपरेशन बरे करणाऱ्या वैद्यांची पत्रके चिकटवलेली असत. आता त्याच जागी, त्याच खळीने, ‘सिबिल खराब? सात दिवसांत साडेसातशे! गॅरंटी!’ अशी पत्रके झळकतात. मूळव्याधीचा वैद्य निदान रोग्याला एकदा बघत तरी असे. हा नवा वैद्य तुम्हाला न बघता, तुमचे कर्ज न बघता, फक्त तुमचे आधार कार्ड, पॅन कार्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी बघतो. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : पत दुरुस्त करून देतो म्हणून जो पैसे मागतो, तो एक तर जे फुकट मिळते ते विकत असतो, नाही तर जे होणारच नाही ते विकत असतो. तिसरा माल त्याच्या दुकानात नाही.

आता हे नीट पटावे म्हणून थोडे मागे जायला हवे.

पूर्वी माणसाची पत वाण्याच्या वहीत असे. लाल कापडी बांधणीची, लांबट, दोऱ्याने बांधलेली ती वही. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी डोक्यावर लावून वाणी खाली बसून खुशाल उधार देत असे. कोणाला किती द्यायचे हे त्याला ठाऊक होते. मास्तरांचा पगार सात तारखेला होतो, गिरणीतल्या दादांचा दहाला होतो आणि तिसऱ्या बिऱ्हाडातल्या नानांचा पगार झाला तरी तो घरापर्यंत पोहोचेलच असे नाही, ही सगळी माहिती त्याच्या डोक्यात असे. एखाद्या महिन्यात पैसे चुकले तर तो विचारी, “काय, घरात आजारपण आहे का?” या एका प्रश्नात जगातले सगळे पतशास्त्र होते. चुकण्याला कारण असू शकते, हे वाण्याला मान्य होते.

पुढे वाणी जाऊन यंत्र आले. भारतात ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो’ नावाची कंपनी २००० साली निघाली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजेच सिबिल. २००५ साली पतमाहिती कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज अशा कंपन्या एक नाही, चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पण वनस्पती तुपाला डालडा आणि छायाप्रतीला झेरॉक्स म्हणणारे आपण लोक, चौघींनाही सिबिलच म्हणतो. पुष्कळांना तर सिबिल हे सरकारी खाते वाटते. आमचे एक स्नेही ‘तहसीलदारांकडून सिबिल काढून आणतो’ म्हणून निघाले होते. सरकारी नाही हो! खाजगी कंपनी आहे, आणि तिची मालकीण शिकागोची आहे. या कंपन्यांवर देखरेख रिझर्व्ह बँकेची, माहिती पुरवणार बँका, आणि त्या माहितीत जर घोळ झाला तर झोप उडणार तुमची. अशी ही सहकारी व्यवस्था आहे.

या कंपन्या तुम्हाला मार्क देतात. किमान ३०० आणि कमाल ९००. आम्ही शाळेत असताना कोरा पेपर देणाऱ्यास शून्य मिळे. इथे अगदी बुडीत माणसालाही ३०० मिळतात. ३०० हे इथले शून्य आहे. बँकांना साधारण साडेसातशेच्या पुढचा माणूस आवडतो.

आणि ज्याने जन्मात कर्ज काढले नाही त्याला किती? आमचे एक काका आहेत. पोस्टातून निवृत्त झाले. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण त्यांनी इतकी मनावर घेतली, की ते आयुष्यभर पोटाशी पाय घेऊनच झोपले. कोणाचा एक पैसा देणे नाही. त्यांचा पतअहवाल काढला तर ‘इतिहास नाही’ असा शेरा आणि जुन्या पद्धतीने वजा एक. वजा एक! चार वेळा कर्ज काढून तीन वेळा फेडणारा काहीतरी कमावून बसतो आणि एकदाही न काढणारा शून्याच्या खाली. काका दोन दिवस जेवले नाहीत. अलीकडे, २०२५ साली, सरकारने संसदेत खुलासा केला, की केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळता येत नाही, आणि रिझर्व्ह बँकेने किमान अमुक मार्क पाहिजेत असा कुठलाही आकडा ठरवून दिलेला नाही. हे काकांना सांगितल्यावर ते जेवले. पण तेव्हापासून ते स्वतःला ‘इतिहास नसलेला माणूस’ म्हणवून घेतात.

इथपर्यंत सगळे विनोदी होते. पण २०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची एक बातमी छापून आली. लग्न ठरत आले होते, आणि मुलीकडच्या मंडळींनी मुलाचा सिबिल पाहिला. मार्क कमी, कर्जे बरीच. लग्न मोडले. ती बातमी वाचून लोक हसले. माझ्या शेजारचे गृहस्थ तर म्हणाले, “बरोबर आहे! पत्रिकेत छत्तीस गुण जुळतात, इथे नऊशे आहेत. जास्त शास्त्रीय!” मला मात्र हसू आले नाही. मुलीच्या मामाने चौकशी करावी, यात गैर नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तो आकडा मुलाचाच होता कशावरून, हे कोणी विचारले असेल का? आकडा छापून आला की आपण त्याच्यापुढे हात जोडतो. आणि आकडा दुसऱ्याचाच असू शकतो, हे मी ठासून सांगू शकतो. कारण माझ्या नावावर एक ट्रॅक्टर होता.

मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या मालकीची शेतजमीन म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्या, त्यातली एक तुळस आणि एक रिकामी. धाकट्या कन्येला बंगळूरला प्रवेश मिळाला, शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून बापाची सही लागते, तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेलो. समोरचा साहेब मुलाच्या वयाचा, सभ्य. संगणकात बघून तो खाकरला.

“काका, तुमचा स्कोअर पाचशे ब्याण्णव आहे.”

“पैकी?”

“नऊशेपैकी.”

“म्हणजे जवळजवळ सहासष्ट टक्के. फर्स्ट क्लास की हो!”

“काका, हा नापासाचा आकडा आहे. तुमचे ट्रॅक्टरचे चौदा हप्ते थकलेत.”

मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. ‘काका’ मीच होतो. ट्रॅक्टरही, कागदोपत्री, माझाच होता. मराठवाड्यातल्या एका शाखेने, जिचे नाव मी इथे लिहीत नाही, माझ्या एका नावबंधूला कर्ज देताना पॅनचे एक अक्षर चुकीचे टंकले होते. त्या एका अक्षराने तो बिचारा कर्जमुक्त दिसत होता आणि मी शेतकरी झालो होतो. मी साहेबाला म्हटले, “अहो, मला सायकलसुद्धा एका हाताने चालवता येत नाही.” तो म्हणाला, “काका, मला पटतंय. पण सिस्टीमला पटत नाही.”

बघा, हीच ती नेमकी जागा, जिथे वाणी आणि यंत्र वेगळे होतात. वाणी म्हणाला असता, “तुमचा कसला ट्रॅक्टर?” आणि वहीत काट मारली असती. इथे पटलेल्या माणसाच्या हातात काट मारायला पेन्सिल नाही.

त्याच संध्याकाळी बातमी सोसायटीत पसरली आणि एक सद्गृहस्थ घरी आले. पांढरे बूट, हातात दोन मोबाइल. खांबावरच्या पत्रकाचे ते सगुण रूप होते. सोफ्यावर टेकत म्हणाले, “पंधरा हजार. आत आपली माणसं आहेत. सगळं क्लीन करून देतो.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं निगेटिव्ह. खरं असो, खोटं असो. फक्त ओटीपी आला की सांगायचा.”

सौ.ने आतून विचारले, “आणि ते पुन्हा आलं तर?”

गृहस्थ म्हणाले, “वहिनी, मग रिन्यूअल असतं ना.”

त्यांना चहा दिला आणि जिना दाखवला. पण त्यांच्या बोलण्यातली गोम वाचकांनी लक्षात ठेवावी. ‘आत आपली माणसं आहेत.’ आत कोणाचीही माणसे असली तरी उपयोग नाही. पतमाहिती कंपनी आपल्या मनाने नोंदीतले एक अक्षरही बदलत नाही. ज्या बँकेने ती नोंद पाठवली तिने ‘हो, चुकले’ असे कळवल्याशिवाय नोंद हलत नाही. म्हणजे नोंद खोटी असेल तर ती दुरुस्त करून मागणे हा तुमचा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि त्याला फी नाही. आणि नोंद खरी असेल तर ती पुसणे पांढऱ्या बुटांच्या बापालाही शक्य नाही; असल्या नोंदी किमान सात वर्षे जपून ठेवायच्या, असा नियमच आहे. मग पंधरा हजार कशाचे? सोफ्यावर टेकल्याचे! शिवाय आधार, पॅन आणि ओटीपी अशी त्रिदळी बेलपत्रे ज्याला वाहिली, तो उद्या तुमच्याच नावावर खराखुरा ट्रॅक्टर काढणार नाही याची हमी कोणी द्यायची?

तेव्हा मी स्वतःच बसलो. चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. १ जानेवारी २०१७ पासून तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपला अहवाल आपण पाहिल्याने मार्क कमी होतात, ही अफवा कोणी पसरवली कोण जाणे. आरशात पाहिल्याने नाक वाकडे होत नाही, तसेच हे.

अहवाल वाचणे हा मात्र अनुभव आहे. दर महिन्याच्या चौकोनात हप्ता किती दिवस थकला त्याचा आकडा. जगात ही एकच प्रगतिपुस्तिका अशी, की तिच्यात तीन शून्ये म्हणजे पहिला नंबर. काही चौकोनांत ‘एसटीडी’ असे लिहिलेले. आमच्या पिढीला एसटीडी म्हटले की पिवळा बूथ आणि रात्री अकरानंतरचा चतुर्थांश दर आठवतो. इथे त्याचा अर्थ ‘स्टँडर्ड’, म्हणजे खाते ठीक. ‘एक्सएक्सएक्स’ असे दिसले तर दचकू नये; बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवली नाही, एवढाच त्याचा सभ्य अर्थ आहे. आणि सर्वांत फसवा शब्द ‘सेटल्ड’. मुलगा सेटल झाला की आपण पेढे वाटतो. कर्ज सेटल झाले की पत रडते. बँकेने पूर्ण रकमेऐवजी कमी पैशांत तडजोड केली, असा त्याचा अर्थ. आणि पुढचा प्रत्येक सावकार तो शब्द वाचून भुवया चढवतो. ‘राइट ऑफ’चेही तसेच. लोकांना ती कर्जमाफी वाटते. छे! बँकेने आपल्या हिशेबाच्या वहीतून ती रक्कम बाजूला काढली, तुमच्या डोक्यावरून नाही. वसुलीवाला येतच राहतो.

तर, मी त्या कंपनीकडे तक्रार नोंदवली, सोबत पॅनची प्रत जोडली. बँकेच्या त्या शाखेला, तिच्या मुख्य कार्यालयाला आणि तिच्या तक्रार अधिकाऱ्याला तीन पत्रे पाठवली. पत्रांत संताप नव्हता. संतापाला पोच मिळत नाही. खाते क्रमांक, चुकीचे अक्षर, बरोबर अक्षर, जोडलेले कागद, तारीख, सही. प्रत्येकाची पोच घेऊन फायलीत लावली. ही फाइल म्हणजे गरीब माणसाचा वकील. नियम असा, की बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची आणि एकूण ३० दिवसांत निकाल लागायचा. त्यापुढे उशीर झाला, तर एप्रिल २०२४ पासून तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि उशीर ज्याचा त्याने ती द्यायची. तक्रार फेटाळली तर कारणही सांगायचे.

माझा ट्रॅक्टर ५२ व्या दिवशी गेला. ३० दिवसांच्या वर २२ दिवस. म्हणजे २,२०० रुपये. पाचवे पत्र लिहिल्यावर तेही आले. पांढऱ्या बुटांचा खर्च वजा जाता माझा निव्वळ नफा १७,२०० रुपये, असे मी सौ.ला सांगितले. सौ. काही बोलली नाही. कारण कॉलेजची फी भरायची तारीख ५२ दिवस थांबली नव्हती. पहिला हप्ता १ लाख ८० हजारांचा होता, आणि तो भरण्यासाठी तिच्या आईने दिलेल्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. कन्येला आम्ही सांगितले की बँकेने कर्ज दिले. पोरगी हुशार आहे. तिने आईच्या मनगटांकडे पाहिले आणि विषय बदलला.

हे मी करुणरस आणण्यासाठी सांगत नाही. हिशेब म्हणून सांगतो. दिवसाला १०० रुपये! पुण्यात या पैशांत दोन माणसांनी मिसळ खाल्ली, तर पाव मोजून घ्यावे लागतात. आता दुसरा नियम ऐका. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत दिली नाहीत, तर बँकेने दिवसाला ५,००० रुपये द्यायचे. डिसेंबर २०२३ पासून हा दर आहे. म्हणजे घराचे कागद अडकले तर ५,०००, आणि घरमालकाचे नाव अडकले तर १००. पन्नास पट फरक! विटांना जास्त भाव, माणसाच्या नावाला कमी. हा दर ज्यांनी ठरवला त्यांच्यापैकी कोणाच्याही नावावर कधी चुकून ट्रॅक्टर चढला नसावा.

शिवाय नुकसान केवळ कर्ज न मिळण्याचे नसते, महाग मिळण्याचेही असते. तीस लाखांचे गृहकर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये पडतो. मार्क कमी म्हणून साडेनऊ टक्के लावले तर सुमारे २७,९६४. महिन्याला १,९२९ रुपयांचा फरक, वीस वर्षांत साडेचार लाखांहून जास्त. कोणाच्या तरी टंकलेखनातल्या एका अक्षराची ही किंमत. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकालाही एका अक्षराचे एवढे मानधन कधी मिळाले नसेल.

आता कोणी म्हणेल, “अहो, तुमचे खोटे होते म्हणून सुटलात. ज्यांचे खरेच थकले आहे त्यांचे काय? बँकांनी पैसे वाटत सुटावे काय?” प्रश्न रास्त आहे. बँकेत पैसे तुमचे-आमचेच असतात. आमच्या काकांची जन्माची पुंजी तिथे आहे. ती कोणाला द्यायची हे बघूनच द्यावे. नोंद ठेवू नका असे मी म्हणत नाही. वाणीही वही ठेवत होताच. पण खरेच थकलेल्या माणसाची पतसुद्धा त्यानेच सांधायची असते, आणि ती सांधता येते, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याला दोनच जण भेटतात : एक दारात येऊन अपमान करणारा आणि दुसरा खांबावरून गॅरंटी देणारा.

आमच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्या दादांची २०२० च्या टाळेबंदीत रिक्षा उभी राहिली आणि कार्डावर घर चालले. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. पठाणाने ऐकले असते तर कानाला हात लावले असते. दादा दर महिन्याला ‘किमान रक्कम’ भरत राहिले आणि कर्ज बाळसे धरत राहिले. त्यांना कोणी जादू सांगितली नाही, सांगण्यासारखी नव्हतीच. कंटाळवाण्या चार गोष्टी होत्या. सर्वांत महाग कर्ज आधी फेडा. तडजोड केली असेल तर पुढे जमेल तेव्हा उरलेले पैसे भरून खाते पूर्ण बंद झाल्याचा दाखला लेखी घ्या. कार्डाची मर्यादा लाखाची असली तरी तीस हजारांच्या आत खर्च ठेवा. आणि एकाने नाही म्हटले की त्याच आठवड्यात दहा ठिकाणी अर्ज टाकत सुटू नका; प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदवली जाते आणि माणूस घायकुतीला आल्यासारखा दिसतो. दादांना अडीच वर्षे लागली. सात दिवसांची गॅरंटी वगैरे काही नाही. मोडलेले हाडही सात दिवसांत सांधत नाही. पत तर माणसाची आहे. पण आता नवी रिक्षा घेताना बँकेने त्यांना खुर्ची दिली. दादा म्हणतात, “साहेब, कर्जापेक्षा खुर्चीचं बरं वाटलं.”

माझा राग नेमका इथे आहे. ती खुर्ची काढून घेण्याचा अधिकार त्या आकड्याला कोणी दिला? आकडा एवढेच सांगतो, की या माणसाने मागले हप्ते वेळेवर भरले की नाही. तो का चुकला हे सांगत नाही. पाऊस पडला नाही, कंपनी बंद पडली, आईला दवाखान्यात ठेवले, यासाठी त्यात चौकोन नाही. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री फडणवीस यांना बँकांच्या बैठकीत बजावावे लागले, की पीककर्जासाठी शेतकऱ्याकडे सिबिल मागू नका. बरोबरच आहे. आभाळाचा सिबिल कोणी काढला आहे काय? तेव्हा आकड्याला आकडा म्हणा. चारित्र्य म्हणू नका, खानदान म्हणू नका आणि पत्रिकेला जोडू तर अजिबात नका.

माझ्या मागण्या फार नाहीत. नोंद ज्या बँकेने पाठवली, ती खरी असल्याचे तिने सिद्ध करावे. खोटी असल्याचे मी का सिद्ध करत फिरू? तक्रार चालू असेपर्यंत वादातल्या नोंदीवरून कोणाची फी, कोणाचे घर अडवू नये. आणि माणसाच्या नावाचा दर निदान त्याच्या घराच्या कागदांइतका तरी असावा.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे. चार कंपन्या आहेत, वर्षात चार तिमाह्या आहेत. देवाने हिशेब जुळवूनच दिला आहे. दर तिमाहीला एकीचा फुकट अहवाल मागवावा आणि चहा पिता पिता वाचावा. आपले नसलेले काही दिसले तर त्याच दिवशी लिहावे. कोणी दाद दिली नाही आणि ३० दिवस उलटले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथेही फी नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये, आत त्यांची माणसे असली तरी. आणि विजेच्या खांबापाशी उभे राहायचेच असेल, तर फक्त बसची वाट पाहण्यासाठी राहावे.